बेट कुणाच्या हद्दीत?

बेळगावकराला समुद्र नाही. समुद्राबद्दलची मतं मात्र भरपूर आहेत. अडीच हजार फूट उंचीवर, गरिबांच्या महाबळेश्वरात बसून तो एकाच वेळी तीन किनाऱ्यांवर हक्क सांगतो. चोर्ल्यातून उतरलं की गोवा, आंबोलीतून उतरलं की वेंगुर्ला-मालवण, अणशीतून उतरलं की कारवार. गोव्याला तो ‘जरा जाऊन येतो’ म्हणून जातो आणि कशासाठी ते घरात सांगत नाही. मालवणला मासे खायला जातो आणि महिनाभर सांगत राहतो. कारवारला सहसा कुणी फिरकत नाही, पण म्हणून हक्क कोण सोडतंय? १९५६ ला सीमावाद सुरू झाल्यापासून आमच्या गावाला एवढी एकच गोष्ट नीट जमलेली आहे.

निपाणीकराचा मामला सोपा. त्याचा समुद्र म्हणजे रंकाळा. पाणी बघावंसं वाटलं की तो कोल्हापूर गाठतो, काठावर भेळ खातो, ‘लई वारं सुटलंय’ म्हणतो आणि दिवेलागणीला घरी परत.

तसं आमचं समुद्राशी नातं जुनं. इंग्रजांच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि बैलगाड्यांतून आंबोली चढून बेळगावच्या कॅम्पात यायचा. आंबोलीची वस्ती वाढली तीच या रस्त्यावरचा मुक्काम म्हणून. १८८८ मध्ये मुरगाव बंदराची रेल्वे सुरू झाली, वेंगुर्ल्याचा तोरा उतरला आणि समुद्राशी असलेला आमचा रोजचा व्यवहार वर्षातून एका सहलीवर आला.

बेटांचं म्हणाल, तर ती बघायला आमच्या भागातल्या माणसानं मुद्दाम पैसे मोजावेत हेच नवल. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा अशा काही फुगल्या की चिकोडी-निपाणीकडची कितीतरी गावं जागच्या जागी बेटं झाली. यमगर्णीजवळ पुण्याहून बेंगळूरला जाणारा महामार्गच पाण्याखाली गेला. बोटी थेट दारात आल्या. तेव्हापासून आमच्याकडचं शेंबडं पोरही क्युसेकमध्ये बोलतं. राजापूर बंधाऱ्यावरून किती जातंय, हिप्परगीला किती आलंय, हे चहाच्या टपरीवर साखर किती टाकायची त्याच्या आधी ठरतं. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवर ठेवायची की ५२४.२५६ मीटर करायची यावर दोन राज्यं भांडतात आणि दशांश चिन्हापुढचे ते तीन आकडे आमच्या टपरीवाल्याला पाठ आहेत. लेकराचा वाढदिवस विचारा, बायकोला हाक मारतो.

तर अशा मंडळींना समुद्रात नेऊन, पाण्यात तोंड घालायला लावून मासे दाखवायची कल्पना निघाली ती आमच्या भाच्याच्या डोक्यातून. भाचा बेंगळूरला नोकरीला असतो. त्यामुळे सुट्टी म्हणजे काहीतरी करायचं असतं, अशी त्याची समजूत झालेली आहे. डिसेंबर होता. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, रस्ते बंद होतात, लॉजच्या खोल्या आमदारांना नाहीतर पोलिसांना जातात, एकीकडं महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, दुसरीकडं त्याला परवानगी नाही. शहाणा बेळगावकर या दिवसांत गाव सोडतो. भाच्यानं निपाणीला त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना फोन लावला.

“स्नॉर्कलिंग म्हंजे?”

“पाण्यात तोंड घालून मासे बघायचे, पप्पा.”

“बघायचे? खायचे न्हाईत?”

“खायचे की. नंतर.”

“मग आधी ओळख कशाला वाढवायची?”

या प्रश्नाला भाच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही अजून नाही.

आम्ही शिनोळी-चंदगडवरून, दाजी आजऱ्यावरून, आणि दोन्ही गाड्यांची गाठ आंबोलीत पडली. दोघांनीही हद्द ओलांडण्यापूर्वी टाकी फुल्ल केली होती. सीमावादात तोडगा काय निघायचा तो निघो, डिझेल कुठल्या बाजूला स्वस्त याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत आहे. आक्कानं, म्हणजे भाच्याच्या आईनं, भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती, आमच्याकडं कुंदा. मालवणला जेवायला चाललेल्या माणसांनी दोन वेळचं जेवण बरोबर घ्यायचं ही आमच्याकडची रीत आहे. त्याचं कारण विचारू नये.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीतून उतरल्या उतरल्या दाजी सरळ विहिरींकडं गेले. महाराजांनी किनाऱ्यावरची ठिकाणं धुंडाळली, मालवणसमोरचं कुरटे बेट पसंत केलं, २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाच्या धोंड्यापाशी मुहूर्त झाला आणि तीनएक वर्षांत समुद्रात किल्ला उभा राहिला. पायात शिसं ओतलं असं सांगतात. हे सगळं भाच्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं. दाजींनी अर्धं ऐकलं. त्यांचा जीव दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव यांत अडकलेला. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी! काठावर ओणवं होऊन त्यांनी खोली डोळ्यांनी मापली, “किती परस असंल?” असं स्वतःलाच विचारलं आणि आमच्याकडच्या, बोअर मारून मारून चाळण झालेल्या रानांची आठवण होऊन गप्प झाले. हिरोजी इंदुलकरांनी किल्ला बांधला हे पुस्तकात असतं. पाणी कुठं लागेल हे ज्यानं सांगितलं त्याचं नाव कुठंच नाही, असं दाजींचं म्हणणं. मला ते पटलं.

किल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला, खडकांपाशी होडी नांगरली. आम्हाला पाण्यात उतरवणारा पोरगा मालवणचाच, विशीतला, उन्हानं रापलेला.

“खंयसून इलात?”

“बेळगाव. निपाणी.”

“म्हणजे कर्नाटक.”

होडीत शांतता पसरली. दाजींनी मिशीवरून हात फिरवला.

“सध्या,” ते म्हणाले.

पोरग्यानं आम्हाला एकदा नीट न्याहाळलं. “मलपीचे न्हय मां?” नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. मलपीच्या माणसांनी याचं काय घोडं मारलंय, हे तेव्हा कळलं नाही.

पहिला खटका लाइफ जॅकेटवरून उडाला. दाजी विहिरीत पोहायला शिकलेले. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून थोरल्या चुलत्यांनी काठावरनं ढकललं, एवढंच त्यांचं प्रशिक्षण. पुढं डबा सुटला आणि दाजी धावेवरून मुटका मारायला लागले. अशा माणसाला फुगीर नारंगी जॅकेट घालायला सांगणं म्हणजे भर पंचायतीत अपमान. “ह्यां घातल्याशिवाय पाण्यात सोडूचंय नाय,” पोरगा म्हणाला. आक्का म्हणाली, “घाला गप.” यातला दुसरा आदेश लागू पडला.

मग मास्क. हा पोहण्याचा साधा चष्मा नव्हे. यात डोळ्यांबरोबर नाकही आत जातं, म्हणजे नाकानं श्वास घ्यायचा प्रश्नच मिटतो. श्वास घ्यायचा तो दातांत धरलेल्या नळीतून. काचेवर आतून वाफ धरते, म्हणून घालण्याआधी तिच्यावर थुंकी चोळायची. थुंकीचा पातळ थर बसला की वाफेचे थेंब जमत नाहीत. हे शास्त्र पोरग्यानं तीन शब्दांत सांगितलं.

“काका, ह्यात थुका.”

दाजी बघतच राहिले. निपाणीच्या तंबाखूवर पोसलेल्या या माणसाला आजवर कंडक्टर, बँकेचा शिपाई, दवाखान्यातली नर्स आणि आक्का यांनी आलटून पालटून एकच सांगितलं होतं: इथं थुंकू नका. ‘थुंका’ असं हुकमी आवाजात सांगणारा जन्मात हा पहिलाच भेटलेला. त्याच्याकडं कृतज्ञतेनं पाहत दाजी मनापासून थुंकले, सकाळी आंबोलीत मळलेल्या चिमटीसकट. काच विसळली, खरं घाईत. पुढची काही मिनिटं अरबी समुद्रात फक्त दाजींपुरती संध्याकाळ झाली होती.

दुसरी अडचण मिशी. मास्कची रबरी कड कातडीला घट्ट चिकटली तरच पाणी आत येत नाही, आणि मिशी असली की केसाकेसांतून पाणी वाट काढतं. दाजींचा मास्क दोनदा भरला. पोरगा निरागसपणे म्हणाला, “काका, मिशी आड येता. काढतास?”

आता ही मिशी नुसती मिशी नाही. तिच्यावर आमच्या आक्काचं लग्न जमलेलं आहे. दाजी शांतपणे म्हणाले, “मासे बघायला मिशी काढली, तर माशांनी मला बघून काय म्हणायचं?” शेवटी उपाय निघाला तो बायकांच्या पर्समधून. डिसेंबरात बेळगावात ओठ फुटतात, त्यामुळं आमच्याकडच्या प्रत्येक पर्समध्ये व्हॅसलीनची डबी असतेच. अर्धी डबी मिशीत गेली. फट बुजली, मिशी उन्हात चमकायला लागली आणि दाजी पाण्यात उतरले.

उतरल्यावर करायचं काय? काही नाही. पालथं पडून राहायचं, तरंगत्या रिंगणाला एका हातानं धरायचं आणि खाली बघायचं. विहिरीत हातपाय मारून वर आलेल्या माणसाला हे ‘काही नाही’ भलतं अवघड जातं. दाजी सारखे उभे राहायला बघत. आणि आक्का? पोहण्याचं नाव काढलं की घाबरणारी, पंचगंगेत कंबरेपर्यंतसुद्धा कधी न उतरलेली आमची आक्का पालथी पडली ती पडलीच. खारं पाणी तिला अलगद धरून होतं. चूल, भाकरी, धुणं, मिशी, कुणाची कसली हाक नाही. तिला वर काढायला पोरग्याला जॅकेट धरून ओढावं लागलं.

मीही पाहिलं. चांगल्यापैकी दिसतं. हिवाळ्यात गढूळपणा कमी असतो, तरी चित्रफितीतला निळाशार पडदा डोक्यात धरून कुणी जाऊ नये. पाणी हिरवट असतं आणि काही हातांपलीकडं सगळं पुसट होत जातं. पण तेवढ्या काही हातांत गर्दी केवढी! खडकाच्या कपारीत काळे काटे परजून बसलेले समुद्री साळू, पिवळ्या अंगावर काळे पट्टे ओढलेल्या माशांचा घोळका, आणि मधूनमधून दगडासारखे दिसणारे, पण दगड नसलेले उंचवटे. ते प्रवाळ. बारीक बारीक जिवांची ती वसाहत. यातले काही गोलमटोल प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे आपल्या पायाखाली आलेला डोक्याएवढा गोळा घडायला कितीतरी वर्षं लागलेली असतात. पोरगा सारखा ओरडून सांगत होता, पाय टेकू नका, आणि शेजारच्या होडीतले पाहुणे बरोबर तिथंच पाय टेकून फोटो काढत होते. बिस्किटाचा चुराही टाकत होते. मासे झुंबडीनं यायचे, माणसं किंचाळायची. बिस्किटं खाणाऱ्या माशांनी खडकावरचं शेवाळ कधी खायचं, हा प्रश्न कुणाला पडलेला दिसला नाही.

या सगळ्यात खरा चमत्कार निराळाच होता. सीमाभागातली माणसं एका ठिकाणी, आणि चर्चा नाही! तोंडात नळी. दाजींना बोलायचं होतं, प्रयत्नही झाले, पण नळीच्या टोकातून फक्त ‘हुंफ्फ’ असा आवाज आणि थोडं पाणी. अधिवेशनात अशा नळ्या वाटल्या तर, असा एक विचार मनात आला. पण मग महामेळाव्यातही वाटाव्या लागतील, म्हणून सोडून दिला.

वर आल्या आल्या तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. “ही नळी एवढीशीच का? पंधरा फुटी पाइप जोडला तर तळापर्यंत जाता येईल की!” दाजींनी मोटारीच्या भाषेत हिशेब मांडला, सक्शन किती, फूटव्हॉल्व्ह कुठं. पोरगा हसला. भाच्यानं समजावलं की मीटरभर खोलीवरच पाणी छातीला असं दाबतं की वरून हवा ओढून घेणं फुफ्फुसांना जमत नाही, शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा पुन्हा आत जाते. दाजी म्हणाले, “म्हंजे हॉर्सपॉवर कमी पडते.” याहून थोडक्यात मलाही सांगता आलं नसतं.

जेवणाच्या टेबलावर नवीन तक्रार. आक्का म्हणाली, पाण्यात हातभर दिसत होते, ताटात वीतभर कसे? पाण्याखाली मास्कच्या सपाट काचेतून वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते, हे भाच्यानं सांगितलं. खानावळीच्या मालकाला मात्र ते सांगता येईना, कारण त्यानं तोवर आमच्या भाकऱ्या पाहिल्या होत्या.

दुपारी देवबाग. कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते तिथून बोटी सुटतात आणि एका फेरीत संगम, सीगल बेट, भोगवे, निवतीचा किल्ला, गोल्डन रॉक, डॉल्फिन आणि सुनामी आयलंड एवढं सगळं दाखवतात. यातलं डॉल्फिन दर्शन असं: एकजण ‘तो बघा’ म्हणतो, सगळे वळतात, पाणी असतं. दुसऱ्या बाजूला कुणी ओरडतं, सगळे वळतात, पाणी असतं. अखेर ज्याला फोन काढायला जमला नाही त्यालाच पाठीचा तो करडा तुकडा दिसतो, आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. संगमावर दाजींनी नाखव्याला विचारलं, “नदीतनं किती क्युसेकनं पाणी येतंय?” नाखवा पन्नाशीतला. मासेमारी परवडेना म्हणून पर्यटकांची बोट चालवणारा. त्यानं इंजिनाचा आवाज कमी केला. “क्युसेक नाय माहीत. ओहोटी असा.”

सुनामी आयलंड म्हणजे वाळूचा दांडा. २००४ च्या त्सुनामीत तो वर आला असं तिथले लोक सांगतात. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बराचसा बुडतो, आणि मधल्या वेळात त्याच्यावर भेळ, मॅगी, लिंबूसोडा, कोकम सरबत आणि प्लास्टिकच्या खुर्च्या उगवतात. गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन आम्ही खुर्च्या धरल्या. आक्कानं कुंद्याचा डबा उघडला, नाखव्याला बळेच बसवलं, आणि सकाळपासून अडकलेला प्रश्न दाजींनी काढला: मलपीवाल्यांचं काय?

नाखव्याच्या हातातला कुंदा तसाच राहिला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर रात्रीचे त्या हद्दीत घुसतात आणि मासळी खरवडून नेतात. एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला केंद्रानं २०१७ मध्येच बंदी घातली, तरी समुद्रात रात्री जत्रेएवढा उजेड असतो. एवढ्यावर भागलं नाही. १९८७ मध्ये सरकारनं मालवणच्या समुद्रात २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर केलं, त्यात पारंपरिक मच्छीमारांनी जाळं कुठं टाकायचं यावरून तेव्हापासून विरोध चाललेला. “पाण्यावर रेघ मारल्यानी, आणि आमका सांगतत रेघेच्या भायर जावा. रेघ दिसता खंय?”

दाजींचे डोळे भरून आले म्हणायला हरकत नाही. एवढा जवळचा माणूस त्यांना सोयऱ्यांतही मिळाला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “आमचं ऐका आता.” आणि मग समुद्राच्या मध्यभागी, कोकम सरबताच्या साक्षीनं, महाजन आयोग सुरू झाला. १९६६ साली नेमला, १९६७ साली अहवाल. “निपाणी महाराष्ट्राला द्या म्हणाला. खानापूर द्या म्हणाला. बेळगाव तेवढं म्हैसूरकडं ठेवा म्हणाला. म्हंजे बघा, आम्ही पास.” माझ्याकडं बोट. “ह्यो आमचा मेव्हणा, नापास.”

“मग तुमी महाराष्ट्रात कशे नाय?”

“महाराष्ट्रानं अहवालच मानला न्हाई. सगळ्यांचा निकाल राखून ठेवलाय. २००४ पासनं सुप्रीम कोर्टात हाय. ८६५ गावं.”

“आठशे पासष्ट?” नाखवा पहिल्यांदाच वचकला. त्याला एकाच गावाची पडली होती.

“वाद पेटला की बस कोगनोळीलाच थांबते. उतरायचं, चालत हद्द ओलांडायची, पलीकडनं दुसरी धरायची.”

“आमच्या पाण्यात थांबवक कोगनोळी नाय, तोच त्रास,” नाखवा म्हणाला. ही बाजू दाजींच्या कधी ध्यानात आली नव्हती. जिथं नाका आहे तिथं नाक्याचा त्रास आणि जिथं नाही तिथं नसण्याचा. ते गंभीर झाले, आणि बारा सागरी मैलांवर नाका उभारायचा तर खांब कशात रोवायचे याचा विचार करायला लागले. नाखव्यानं तोपर्यंत कुंदा संपवून दुसऱ्या तुकड्याला हात घातला होता.

मॅगीवाल्यानं गॅसची टाकी उचलली. भेळवाल्यानं टेबलाचे पाय मिटले. लिंबूसोड्याची पेटी एका पोराच्या डोक्यावर बसून चालायला लागली. आमच्या खुर्च्यांच्या पायांना पाणी लागलं होतं, पण चर्चा अभयारण्याच्या दक्षिणेकडच्या रेघेपर्यंत आली होती, अशा वेळी उठता येत नाही. आक्का चपला हातात घेऊन केव्हाच बोटीत जाऊन बसली.

“उठा, काका. भरती इली. बेट बुडाक लागला.”

दाजी उठले, पण चालेनात. पोटऱ्यांएवढ्या पाण्यात विजार वर धरून त्यांनी चारी दिशांना पाहिलं. “एवढं एकच सांगा. ह्या बेटाचा सातबारा कुणाच्या नावावर?”

“सातबारो?” नाखव्यानं नांगराचा दोर ओढला. “दिवसात दोनदा बुडता. मोजूक तलाठी येतलो कसो?”

“म्हंजे नोंद न्हाई?”

“नाय.”

“कर्नाटकाची बी न्हाई?”

“कोणाचीच नाय.”

दाजींनी मागं वळून पाहिलं. दांडा आता चटईएवढा उरला होता. “मग दावा लावायला हरकत न्हाई,” ते म्हणाले, आणि बोटीत चढता चढता भाच्याला विचारलं की बेळगावच्या आपल्या वकिलांचा नंबर आहे का फोनमध्ये.